बीटवर कट मारता येतो? मग गाळा घ्यायची घाई करू नका



गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या बॅचला एक मुलगा आला होता. वय बावीस-तेवीस. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेते. चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि मोबाईल पुढं केला. "सर, एवढं बघा." चुलतभावाच्या वरातीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. गाणं धडाक्याचं, आणि प्रत्येक ठोक्याला चित्र बदलत होतं. घोडा, फेटा, हसणारा मामा, नाचणाऱ्या पोरी, फटाक्यांची माळ, परत घोडा. "एक पण बीट चुकलेला नाही सर." खरंच चुकला नव्हता.

मग त्यानं खिशातून घडी घातलेलं कोटेशन काढलं. १ लाख ४० हजारांचा कॉम्प्युटर. आईची भिशी लागणार होती, त्यातले ६० हजार, बाकीचं कर्ज. चौकात गाळा बघून ठेवलेला. पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरलेलं: 'शूटिंग व मिक्सिंग'. (आपल्याकडं लग्नाच्या एडिटिंगला अजून मिक्सिंगच म्हणतात, आणि मला तो शब्द आवडतो.) "करू ना सर सुरू?"

मी म्हणालो, अजून नको.

पोरगं नाराज झालं. सगळ्यांसमोर कारण सांगायला वेळ नव्हता, म्हणून हा लेख. त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यासारखे जे मला रोज विचारतात की सर, रील्स, प्री-वेडिंग, गाण्याचे अल्बम यांच्या एडिटिंगचा धंदा चालेल का, त्यांच्यासाठीही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा चालेल. पण ठोक्यावर कट मारणं हे तुमचं भांडवल असेल, तर ते भांडवल कालच बुडालंय. मोबाईलमधलं ॲप ते काम एका बटणावर करतं. गाणं टाका, फोटो टाका, 'ऑटो बीट' दाबा, झालं. जे काम गिऱ्हाइकाची भाची फुकटात करून देते, त्याचे पैसे गिऱ्हाईक तुम्हाला का देईल? पैसे मिळतात ते गाणं ऐकता येण्याचे. आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही, मार खाऊन शिकलो.

ट्रेनिंगच्या कामात यायच्या आधी कोल्हापुरात माझी एक खोली होती. खोलीच, स्टुडिओ म्हणायची लाज वाटेल इतकी. तेव्हा व्हीसीडीचे दिवस संपत आले होते, तरी जत्रेत, एसटी स्टँडवर लावण्यांच्या सीड्या विकल्या जायच्या. एका छोट्या निर्मात्यानं मला एक लावणी कापायला दिली. पावणेचार मिनिटांचं गाणं, आठ हजार रुपये. मी तीन रात्री बसलो. ढोलकीच्या प्रत्येक थापेला कट. मोजले तेव्हा १९० च्या वर भरले. निर्माता खूश. मीही छाती फुगवून बसलो.

नाचणारी बाई बघायला आली. फडावर आयुष्य काढलेली, पन्नाशीच्या पुढची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पूर्ण गाणं बघितलं, काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरा, माझं पाऊल समेला पडतंय, आणि नेमकं तिथंच तू चित्र बदलतोस. मी नाचले कुठं मग?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण ती गेल्यावर गाणं परत लावलं आणि बघतो तर तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

हे जरा नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथंच आहे. आपली बरीचशी गाणी केहेरव्यात असतात. आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग. पहिली मात्रा म्हणजे सम, पाचवी खाली. नाचणारा माणूस जीव ओततो तो समेवर. पाऊल आपटतो, मान वळवतो, पदर झटकतो. आता कट म्हणजे काय? कट हासुद्धा एक ठोकाच असतो, डोळ्याला बसणारा. चित्र बदललं की कुठं बघायचं हे शोधायला डोळ्याला क्षणभर लागतो. तुम्ही बरोबर समेच्या फ्रेमला कट मारलात, तर नव्या चित्रात डोळा अजून भिरभिरतोय आणि तेवढ्यात पाऊल पडून गेलेलं असतं. बघणाऱ्याला ठोका कळतो, पण तो तुमच्या कटाचा. बाईचा नाही.

उपाय अवघड नाही. सातव्या मात्रेला चित्र बदला. किंवा सहाव्या. बघणाऱ्याला नव्या चित्रात नीट बसू द्या, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत सम येऊ द्या. किंवा सम जुन्याच चित्रात येऊ द्या, पाऊल पडलं, घुंगरू थरथरले, आणि मग बदला. तिहाई असेल तर तिन्ही तुकडे एकाच चित्रात ठेवायचं धाडस करून बघा. तीनदा तोच बोल येतो तेव्हा ऐकणाऱ्याचं अंग समेची वाट बघत असतं. तिथं तीनदा कापणं म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला तीनदा मध्येच थांबवणं.

मी दोन रात्री परत बसलो आणि तेच गाणं ७०-७२ कटांत बसवलं. निर्मात्याला दाखवलं. तो म्हणाला, "लईच संथ वाटतंय, पहिलंच असू दे." सीडी आली ती पहिल्यातलीच. मला माझे आठ हजार मिळाले. मावशीनं परत कधी माझा फोन उचलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग गिऱ्हाइकाला पाहिजे तेच दिलं ना तुम्ही, धंदा तर झाला! झाला की. सहा महिने झाला. मग त्याच निर्मात्याला पाच हजारांत कापून देणारा दुसरा सापडला, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं, कारण प्रत्येक थापेला कट मारायला माझी गरजच नव्हती. मी त्याला जे दिलं होतं ते कुणीही देऊ शकत होतं. जे फक्त मी देऊ शकलो असतो, ते मी मागं घेतलं. तेव्हा हिंमत करून त्याला दोन्ही शेजारी-शेजारी दाखवायला हवी होती, बाईंनाही बोलावून. नाही केलं.

बरं, आता थोडं गणित. कान महत्त्वाचा हे खरं, पण गणित न करता कानावर सोडणारेही मी बघितलेत, त्यांचं गाणं तिसऱ्या मिनिटाला घसरतं.

गाणं लावा, मांडीवर ताल धरा, १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारनं गुणा. समजा २४ आले, म्हणजे मिनिटाला ९६. एका ठोक्याला ०.६२५ सेकंद. आपण २५ फ्रेमवर काम करतो असं धरलं, तर एका ठोक्याला १५.६२५ फ्रेम. फ्रेमचे तुकडे होत नाहीत, म्हणून नवीन माणूस काय करतो? १६ धरतो आणि सोळा-सोळा फ्रेमचे तुकडे एकामागोमाग एक चिकटवत जातो. सुरुवातीला छान वाटतं. पण दर ठोक्याला ०.३७५ फ्रेमची उधारी चढतेय. ६४ ठोक्यांनी ती २४ फ्रेम होते, म्हणजे जवळजवळ एक अख्खा सेकंद. मग तो म्हणतो सॉफ्टवेअर खराब आहे. सॉफ्टवेअर बरोबर आहे, तुमची वही चुकली. धंद्यातही अशीच चुकते, पैसे-पैसे करत.

मिनिटाला १०० ठोके असतील तर बरोबर १५ फ्रेम येतात, १२५ असतील तर बरोबर १२. अशी गाणी नशिबानं मिळतात. बाकी वेळी तुकडे चिकटवायचे नाहीत, गाणं वाजत असताना कीबोर्डवर 'एम' दाबत मार्कर टाकायचे. प्रीमिअर असो की दाविंची रिझॉल्व्ह, दोन्हीकडं तेच बटण. रिझॉल्व्ह फुकट मिळतं, त्यामुळं शिकायला पैसे नाहीत ही सबब माझ्यापुढं सांगू नका. मार्कर टाकताना बोट थोडं उशिरा पडतं, ते नंतर आवाजाच्या लहरी बघून सरकवून घ्या.

आणि मोबाईलवर शूट केलेलं असेल तर एक जुनी भानगड लक्षात ठेवा. बरेच मोबाईल फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की बदलतो. टाइमलाइनवर घेतलं की ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकसारख्या वेगाची फाइल करून घ्या, मगच कापायला बसा. ही एक गोष्ट माहीत नसल्यानं रात्र-रात्र वाया घालवलेली पोरं मला माहीत आहेत.

एवढं गणित आलं की ॲपइतके तुम्ही झालात. ॲपच्या पुढं जायचं कुठं? तर जिथं गणित संपतं तिथं.

आपल्याकडची किती गाणी घड्याळाच्या ठोक्यावर वाजतात सांगा. स्टुडिओत क्लिकवर रेकॉर्ड केलेलं गाणं शेवटपर्यंत एका वेगात असतं. पण समोर बसून वाजवलेली ढोलकी शेवटाकडं चढते, भजनात टाळकरी रंगले की लय वाढते. ती वाढते म्हणून तर मजा असते. पहिल्या मिनिटाचं मोजमाप शेवटच्या मिनिटाला लावलंत तर चित्र मागं राहणार. तिथं परत मोजायचं. तुमचे कटही त्या चढीबरोबर जवळ येत गेले पाहिजेत, पहिल्यापासून जवळ नकोत. सगळा मसाला पहिल्या घासाला वाढला तर जेवणारा पुढं काय खाणार?

आणि मंगलाष्टकं! मराठी लग्नाच्या व्हिडिओतला सगळ्यात मोठा क्षण, आणि त्याला ठेकाच नाही. ढोलकी नाही, तबला नाही. ऑटो बीटवाल्या ॲपला ती द्या आणि गंमत बघा. ते बिचारं खोकल्याला, खुर्ची सरकल्याच्या आवाजाला कट मारत बसतं. मी हे करून बघितलंय.

पण मंगलाष्टकांना लय नाही असं नव्हे. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात, शाळेत घोकलेलं आठवत असेल. एका ओळीत १९ अक्षरं, आणि १२ अक्षरांनंतर यती, म्हणजे घटकाभर थांबा. म्हणणारा गुरुजी असो की आत्या, तिथं श्वास घेतेच. मग उरलेली सात अक्षरं. ती तुमची लय. श्वासाला चित्र बदला. बारा अक्षरं नवरीच्या तोंडावर, श्वास, सात अक्षरं तिच्या बापावर. 'सावधान'च्या लांबलेल्या सुरात अजिबात कापू नका, तो सूर चालू असताना अक्षता उडायला लागतात, त्या पूर्ण उडू द्या. आणि शेवटच्या कडव्याला अंतरपाट. अंतरपाट खाली जाताना कट मारणाऱ्या एडिटरला माझ्याकडं काम नाही. पडदा सरकतो, दोघं एकमेकांना बघतात, वाजंत्री सुरू होते, हे सगळं एका दमात दिसलं पाहिजे. वाजंत्री सुरू झाल्यावर काय कापायचं ते कापा.

हे ॲपला येत नाही. फार चांगला मोठ्या शहरातला एडिटर असेल आणि त्यानं आपली लग्नं बघितली नसतील, तर त्यालाही पटकन येत नाही. तुम्हाला येतं, कारण तुम्ही लहानपणापासून शंभर लग्नं जेवलाय. हे तुमचं भांडवल. याला बँक कर्ज देत नाही आणि हप्ताही पडत नाही.

ढोल-ताशाचं काम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. गणपतीत पथकांचे व्हिडिओ करायची कामं आता बरीच निघतात. तुम्ही समोरच्या गच्चीवरून लांब लेन्स लावून शूट करता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २५ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज जेमतेम पावणेचौदा मीटर येतो. पथक चाळीस मीटरवर असेल तर टिपरू ढोलावर आधी पडलेलं दिसतं आणि ठोका तुमच्या कॅमेऱ्यात जवळजवळ तीन फ्रेम उशिरा पोचतो. आता पथकाजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवला असेल, आणि घरी येऊन तुम्ही कॅमेऱ्याचा आवाज त्याच्याशी तंतोतंत जुळवलात, तर चित्र तीन फ्रेम पुढं पळणार. आवाज जुळला, हात चुकले. कॅमेऱ्याचा आवाज बंद करून चित्र तीन फ्रेम मागं ओढा, टिपरू आणि ठोका एकत्र येतील. बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण ढोल वाजवणाऱ्या पोरांना लगेच कळतं. आणि पुढच्या वर्षीचं काम कुणाला द्यायचं हे पोरंच ठरवतात.

शूटिंगच्या आधीपासून विचार करायला लागलात की तुमचा भाव आणखी बदलतो. उदाहरण देतो. गाण्यात हालचाल संथ हवी, केस हळू उडायला हवेत, पण ओठ मात्र शब्दांशी जुळले पाहिजेत. कसं करतात? सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, गाणारा त्या वेगात ओठ हलवतो, कॅमेरा ५० फ्रेमवर चालतो. घरी २५ वर आणलं की ओठ बरोबर मूळ गाण्यावर बसतात आणि बाकी जग संथ होतं. दुप्पट वेगात शब्द म्हणायचे म्हणजे मूळ गाणं संथ पाहिजे, नाहीतर गायकाची बोबडी वळते. ज्याला हे शूटिंगच्या आधी सांगता येतं, त्याला गिऱ्हाईक 'मिक्सिंगवाला' म्हणत नाही, 'आमचा माणूस' म्हणतं.

वॉल्टर मर्च नावाचे मोठे अमेरिकन एडिटर आहेत. 'अपोकॅलिप्स नाऊ', 'द इंग्लिश पेशंट' त्यांनी कापलेत. त्यांचं 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' नावाचं छोटं पुस्तक आहे. कट कुठं मारायचा हे ठरवताना कशाला किती वजन द्यायचं, त्याचा त्यांनी हिशोब मांडलाय. भावनेला ५१ टक्के, गोष्ट पुढं जाण्याला २३, आणि लयीला १०. लय तिसऱ्या नंबरवर! आता हा हिशोब गोष्टीच्या सिनेमासाठी आहे, गाण्याच्या व्हिडिओत लयीचं वजन जास्त असणार, हे मला मान्य. तरी पहिला नंबर बदलत नाही. नवरीच्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि ठोका आला म्हणून तुम्ही तिथून उडून फटाक्यावर गेलात, तर तुम्ही दहा टक्क्यांसाठी एक्कावन्न टक्के विकलेत.

विश्वास बसत नसेल तर १९६५ चा 'गाइड' काढा आणि त्यातलं 'तेरे मेरे सपने' बघा. दिग्दर्शक विजय आनंद. अख्खं गाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शॉटमध्ये आहे. कंटाळा येतो का? त्याच्यानंतर १९७२ च्या 'पिंजरा'तली कुठलीही लावणी लावा, आवाज बंद करा आणि संध्याबाईंच्या पावलांकडं बघत कट मोजा. किती कट पावलाच्या आधी आलेत, किती नंतर, किती बरोबर पावलावर, वहीत लिहा. माझ्या बॅचच्या पोरांना मी हे करायला लावतो. दोन तास लागतात. फी लागत नाही.

आता पैशाचं. इथं माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. गाण्याच्या कामाचा भाव मिनिटावर लावू नका. 'मिनिटाला एवढे' म्हटलं की तुम्ही कापडाच्या दुकानात बसलात. मीटरवर भाव आला की बाजूचा दोन रुपयांनी कमी करणारच. त्याऐवजी काम दोन टप्प्यांत सांगा. पहिला टप्पा, गाण्याचा नकाशा. एका कागदावर मुखडा कुठं, म्युझिक कुठं, अंतरा कुठं, सम कुठं जोरात आहे, गाणं कुठं श्वास घेतं, कुठं चित्र थांबणार आणि कुठं पळणार. हा कागद घेऊन गिऱ्हाइकासमोर बसा, गाणं लावा आणि बोट ठेवून दाखवा. याचे वेगळे पैसे घ्या, थोडे का असेनात. दुसरा टप्पा प्रत्यक्ष कापणं, त्यात दोन वेळा बदल करून देणार, तिसऱ्या वेळेपासून जादा पैसे, हे आधी लिहून.

नकाशाचा खरा फायदा वेगळाच आहे. कागद बघून झाल्यावर गिऱ्हाईक "संथ वाटतंय" असं मोघम बोलत नाही. "हा दुसरा अंतरा संथ वाटतोय" असं बोलतं. मोघम तक्रारीवर रात्र जाते, नेमक्या तक्रारीवर वीस मिनिटं. माझ्याकडं तेव्हा तो कागद असता, तर मावशीचं म्हणणं मी निर्मात्याला बोट ठेवून दाखवू शकलो असतो.

एक धोक्याची सूचनाही देतो. चालू सिनेमाचं गाणं घेऊन केलेला व्हिडिओ घरच्यांना पेनड्राइव्हवर देणं वेगळं आणि तुमच्या धंद्याच्या चॅनलवर टाकणं वेगळं. यूट्यूबवर गाण्याचा मालक दावा लावू शकतो, जाहिरातीचे पैसे त्याच्याकडं जातात, नाहीतर व्हिडिओच अडतो. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट केलंत तर बरीच चालू गाणी तिथं मिळतच नाहीत. तुम्ही तीन रात्री एका गाण्यावर कट बसवणार आणि टाकताना गाणंच काढावं लागणार, मग त्या कटांना अर्थ काय उरला? म्हणून नमुना दाखवायचे व्हिडिओ स्वतःच्या गावातल्या गायकाबरोबर, वाजवणाऱ्याबरोबर, लेखी परवानगी घेऊन करा. त्यांनाही व्हिडिओ पाहिजेच असतो. माझ्या मते नवीन एडिटरनं पहिल्या वर्षी कॉम्प्युटरपेक्षा एका ढोलकीवाल्याशी दोस्ती करावी. हसू नका. त्याच्याशेजारी चार संध्याकाळी बसलात तर सम आणि खाली जन्मात विसरणार नाही.

मशिनबद्दलही एकच सांगतो. १ लाख ४० हजारांच्या मशिननं रेंडर लवकर होतो, कट चांगला होत नाही. काम अडायला लागलं, गिऱ्हाईक थांबायला लागलं, की मशिन घ्यायचं. तोवर कुणाचा तरी जुना लॅपटॉप, रात्रीचे तास, आणि चांगला हेडफोन. हेडफोनवर मात्र कंजुषी नको. मोबाईलच्या स्पीकरवर ढोलकीचा धुम ऐकूच येत नाही आणि मग तुम्ही फक्त चाटीवर कट मारत बसता.

त्या मुलाला मी एकच काम दिलं होतं. म्हटलं, तोच चुलतभाऊ, तेच लग्न, पण वरात नको. मंगलाष्टकं काप. तीन मिनिटं. गाणं लावायचं नाही, बाहेरचं म्युझिक नाही, कुठलं इफेक्ट नाही.

पहिल्यांदा पाठवलं त्यात ४६ कट होते. मी काही बोललो नाही, फक्त लिहिलं, "आत्या श्वास कुठं घेते ते ऐक." चार दिवसांनी परत आलं, १७ कट. एका ठिकाणी त्यानं नवरदेवाच्या आईला पूर्ण ओळभर धरून ठेवलं होतं. ती अक्षता टाकायच्या विसरून नुसती बघत उभी. मग 'सावधान' येतं आणि तिला आठवतं.

परवा त्याचा फोन आला. घरच्यांनी ते टीव्हीला जोडून बघितलं. चुलतीनं तीनदा लावायला सांगितलं, आणि चुलतभावाच्या सासरच्यांकडनं धाकट्या मुलीच्या लग्नाचं काम आलंय, १२ हजारांचं. भिशीचे पैसे आईकडंच आहेत. गाळ्याचं मालकाला नाही कळवलंय. मित्राच्या दुकानात रात्री नऊनंतर त्याचा कॉम्प्युटर रिकामा असतो, तिथं बसतो म्हणाला, आणि विचारत होता, "सर, मुलीकडचे गुरुजी लई भरभर म्हणतात, यती सापडतच नाही, तिथं काय करू?"

त्याला म्हटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन गुरुजींना भेट.